साहेब, अजून एकदा मरू द्या

वैजनाथ,

तू गेलास त्या दुपारपासून अख्ख्या घाटनांदूरच्या मोबाइलवर तू उठून बसत होतास. ज्यानं त्यानं पिक्चरमधला तुझा तोच तुकडा स्टेटसला ठेवलेला. स्टेजवर राजा मरून पडलाय. पब्लिकमधून एक माणूस दहाची नोट घेऊन पुढं येतो. राजा टुणकन उठतो, नोट कपाळाला लावतो, हात जोडून म्हणतो, "भागवत टेलर यांच्याकडून माझ्या कलेला दहा रुपये बक्षीस, कंपनी त्यांची आभारी आहे," आणि परत मरून पडतो. मागं सगळे हसतात. त्याच्याखाली पोरांनी लिहिलेलं, भावपूर्ण श्रद्धांजली. मी दुकानात बसून होतो, सुईखाली कुणाची तरी पँट अर्धी शिवलेली. फोन उघडला की तू उठायचास. मग मी फोन उलटा घालून ठेवला.

तुझ्या भावकीतली सुमनवहिनी अजून सावरलेली नाही. बाभळीखाली तू उताणा पडलेला, डोळे उघडे, तेव्हा पहिल्यांदा तिनंच तुला बघितलं. डोक्यावर गवताचा भारा घेऊन ती घरी चालली होती. तिला वाटलं, झालं तुझं सुरू. तिचं तरी काय चुकलं? तू बांधावर, पारावर, दळणाच्या रांगेत, कुठं कुठं म्हणून मेला नाहीस? ती म्हणाली, "भावजी, माज्याकडं बक्षीस न्हाई, उठा आता." आणि हसत पुढं गेली. जरा लांब गेल्यावर तिला तुझ्या शेळ्यांचं ओरडणं वेगळं वाटलं म्हणून ती मागं फिरली. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच जरी आणलं असतं तरी काही उपयोग नव्हता, पडतानाच सगळं आटपलं होतं. ते तिला दहा जणांनी सांगितलं. ती ऐकते, मान हलवते आणि परत तेच सांगायला लागते.

आता मी बोलतो आणि तू ऐक. जन्मभर तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस. टेलरच्या तोंडात टाचण्या असतात, म्हणायचास, त्यानं शिवावं, बोलायचं काम आपलं. आज टाचण्या बाजूला ठेवल्यात.

पिक्चरचा नाद तुला होता असं लोक म्हणतात. मला विचारलं तर तुला पिक्चरचा नाद नव्हताच. मारामारी आली की तू बिडी प्यायला बाहेर. हिरोईन बागेत गायला लागली की तू मला कोपरानं ढोसून गावातल्या गोष्टी सांगणार. पण पिक्चरमध्ये कुठं पडदा उघडला, पेटी-ढोलकी बसली, कुणी तोंडाला रंग लावून स्टेजवर चढलं, की तू ताठ. मग तुझ्या अंगावर पाल पडली असती तरी तुला कळलं नसतं. पिक्चरच्या पोटातला खेळ, असं तू त्याला म्हणायचास. अंबाजोगाईच्या टॉकीजला दुपारच्या शोला आपण जायचो. पहिल्यांदा तिकीट काढून पुरा पिक्चर बघायचास आणि खेळ नेमका कधी येतो ते ध्यानात ठेवायचास. दुसऱ्या बारीला नुसता तेवढाच बघायला जायचास. गेटवरचे चाचा तुला ओळखून होते. "आओ राजा, अब्बीच चालू होताय तुमारा," म्हणून पडदा बाजूला करायचे. तू भिंतीला टेकून उभ्यानं तेवढं बघायचास आणि बाहेर यायचास. बायको-पोरांसाठी भेळ बांधून घ्यायची आणि चाललो एस.टी.ला.

आणि एस.टी.त बसलं की भांडण सुरू. इतकी वर्षं आपण एकच भांडण भांडलो. माणसाला हेच सीन का ध्यानात राहतात? पिक्चरचं नाव विसरतं, हिरो कोण होता ते विसरतं. पण घुंगरू तुटलेलं असताना अनवाणी नाचणारी बाई विसरत नाही. बाप गुपचूप पब्लिकमध्ये येऊन बसलाय, स्टेजवरून पोरगी त्याला ओळखते आणि गाणं थांबवत नाही, हे विसरत नाही. कावून?

तू म्हणायचास, "भाग्या, पिक्चरमदी समदे खोटंच वागत्यात. पर कुनी स्टेजवर चढलं ना, की त्येला खोटं वागायची मुभा भेटती. येकदा मुभा भेटली की मंग मानूस खरं बोलतो. रोजच्याला कुनाला मुभा हाय?"

मी म्हणायचो, "तसं न्हाई. समोरचं पब्लिक दाखवत्यात, म्हून. बाई गाती तवर मला काय न्हाई होत. पर बघणारातल्या येका म्हातारीच्या डोळ्याला पानी दाखवलं की माज्याबी डोळ्याला येतं. पब्लिक काढून टाक, मंग बघ काय ऱ्हातंय."

"तू टेलर. तुला कापडापरीस अस्तर मोठं."

"अस्तर न्हाई तर कोट अंगावर बसत न्हाई बे."

कंडक्टर कंटाळून म्हणायचा, उतरा आता, आलं तुमचं गाव.

खेळाचं हे वेड तुला आपल्या जत्रेतल्या नाटकानं लावलं. तुझं घर शेरडं-मेंढरं राखणारं, तुला कुणी शिकवलं नाही. पण राजाचा पार्ट आला की तूच, आणि राजा मरायचा असला तर तूच तूच. मरण तू जनावरांकडून शिकलास. मला एकदा सांगितलं होतंस, तुझ्या हातात एक मेंढी गेली तेव्हा आधी तिचे कान गार पडले, मग पाय, आणि डोळे शेवटपर्यंत उघडेच राहिले. "पिक्चरवाले मरताना डोळे मिटत्यात. जनावर मिटतंय का कदी? डोळे मिटायला मागं कुनीतरी मानूस लागतंय." तेव्हापासून तू डोळे उघडे ठेवून मरायचास. समोरच्या बाया तोंडावर पदर घ्यायच्या.

पण आपल्याकडच्या नाटकात धड मरू देतात कुठं? पार्ट आवडला की पब्लिकमधून नोट येणार, आणि ज्याच्यासाठी आली त्यानं जागेवर देणाऱ्याचं नाव पुकारायचं. नाही पुकारलं तर देणाऱ्याचा अपमान. उद्या सकाळी तो भांडायला दारात. मग राजा असो, राणी असो, मेलेला असो, उठायचं, नाव घ्यायचं, कंपनी आभारी आहे म्हणायचं, परत मरायचं. एका वर्षी तर तू एकाच प्रवेशात सात वेळा मेलास आणि शेवटी शेवटी मरायचं सोडून नुसता आडवा झालास. आपल्याला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. बाहेरच्यांना हसू यायचं. आपल्याला वाटायचं, असंच असतंय.

गयाबाई वहिनी मात्र कधी बघायला आल्या नाहीत. नवरा डोळे उघडे टाकून मरतोय हे कोण बायको बघेल? "त्यो मेला खेळ माज्या डोळ्यांपुढं नगं," म्हणायच्या आणि जत्रेच्या दिवशी माहेरी जाऊन बसायच्या. तू घरी शेळ्यांच्या वाड्यात तालीम करायचास तेव्हा त्या भाकरी थापता थापता ऐकत असतील, तेवढंच. पुढं तो तुकडा टीव्हीवर, मोबाइलवर आला, तरी त्या उठून आत जायच्या.

मग आली ती पिक्चरवाली माणसं. वैशाखाचा महिना, ऊन असं की पत्र्याला हात लावला तर चटका. गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीची गोष्ट होती त्यांची, आणि एक सीन असा, की स्टेजवरचा राजा विष पिऊन मरतो, आणि हिरो ते विंगेतून बघतो. त्यांनी गावच्या शाळेसमोर मांडव घातला आणि भर दुपारी रात्र करायची म्हणून चहूबाजूनं काळं कापड लावलं. आत जीव नकोसा व्हायचा. त्यांना राजा गावातलाच पाहिजे होता. आपण दोघंही रांगेत उभे राहिलो. मी आठ दिवस एक भाषण पाठ केलं होतं, घरात बायकोला, मालनला, म्हणून दाखवलं होतं. तुला माहीत आहे, मी दुकानात त्याबद्दल कुणाला बोललो नव्हतो. डायरेक्टर साहेब पुण्याकडचे, टोपी घातलेले, तरणेताठे. त्यांनी तुला एकदा पडायला लावलं आणि म्हणाले, "हेच राजा." मला म्हणाले, "काका, तुमचा चेहरा चांगला आहे, तुम्ही पब्लिकमध्ये पुढच्या रांगेत बसा."

वाईट वाटलं का? लई वाटलं. आता लपवून काय करू?

त्यांचा अंगरखा तुला ढगळ होता. कमरेवर फुगायचा. साहेबांनी मला हाक मारली, टेलर ना तुम्ही, जरा बसवून द्या. मी गुडघ्यावर बसून तुझ्या कमरेला टाचण्या लावल्या, दोन्ही बाजूंनी आत घेतला, पुढं चार हुकं बसवली. तू म्हणालास, "भाग्या, आवळू नगंस रं, मरायच्या आदी मरंल." माझ्या तोंडात टाचण्या होत्या. मी बोललो नाही, पण दुसरं हूक मी हवं त्यापेक्षा आत घेतलं. कावून घेतलं ते मलाही नीट सांगता येत नाही. तुला वर ताठ उभं करावं म्हणून घेतलं असं मी स्वतःला सांगितलं.

आता पुढचं सांगतो ते तुला ठाऊक आहे, पण तुझ्या बाजूनं ठाऊक आहे. स्टेजवरनं.

पहिल्या दोन टायमाला ऐन मरणात परळीकडची गाडी शिट्टी मारत गेली. साहेब डोक्याला हात लावून बसले. तिसऱ्या टायमाला सगळं शांत. त्यांच्या माणसानं आम्हाला बजावलं होतं, हसायचं नाही, टाळी नाही, जागचं हलायचं नाही, रडू आलं तर रडा. तू प्याला प्यायलास, दोन पावलं चाललास, खाली गुडघ्यावर आलास, मग आडवा. डोळे उघडे, सरळ माझ्याकडं. एक कॅमेरा चाकांच्या गाडीवरून सरकत तुझ्याजवळ आला, दुसरा आम्हा पब्लिकवर होता. कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि तेव्हा एक माशी आली. तुझ्या गालावर बसली. तिथनं चालत चालत डोळ्याच्या कोपऱ्यात गेली. तू पापणी हलवली नाहीस. माशी तिथं पाय चोळत बसली आणि तू पापणी हलवली नाहीस.

मी तुझ्या छातीकडं बघितलं. मी टेलर, मला कुठं बघायचं ते माहीत. अंगरखा मीच बसवलेला. तू श्वास घेतलास की दुसरं हूक ताणायला पाहिजे. ते ताणत नव्हतं. मी मोजत राहिलो, एक, दोन, तीन, आता ताणेल, आता ताणेल. नाही. आत वारं नाही, वर ते दिवे, अंगात जाड कापड, आणि हूक मी आवळलेलं. वैजनाथ, मला वाटलं तू खरंच गेलास. मला वाटलं मी मारलं तुला.

म्हणून मी उठलो.

उठलो आणि सगळ्या मांडवाची तोंडं माझ्याकडं वळली. कॅमेऱ्यामागचा माणूस मान बाहेर काढून बघायला लागला. काय करावं कळेना. ओरडावं तर आवाज निघेना. हात आपोआप खिशात गेला, आतनं दहाची नोट आली, आणि मी ती घेऊन स्टेजकडं चाललो. दुसरं काय घेऊन जाणार? आयुष्यभर स्टेजवरच्या माणसाकडं नोट घेऊनच गेलेलो. आणि तू, तुझी सवय, नोट दिसली आणि उठलास. ते हूक तटकन तुटून माझ्या पायाशी पडलं. नाव पुकारलंस, आभार मानलेस, परत मेलास. मांडव फुटला हसून. साहेब तर खुर्चीवरून खाली यायचे राहिले.

मग तुझं ते. अंगरख्यात, कपाळावर रंग, हात जोडून तू त्यांच्यामागं फिरत होतास. "साहेब, अजून एकदा मरू द्या. येकच बारी. ह्या टायमाला कुनी उठनार न्हाई, मी बगतो." साहेब डोळे पुसत म्हणाले, "नाही हो राजे, असं परत होणार नाही. सोनं मिळालंय आपल्याला." पोरं वायरी गुंडाळायला लागली होती. तरी तू गाडीपर्यंत गेलास. मी मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो. तू माझ्याजवळ आलास आणि विचारलंस, "कावून उठलास बे?"

मी म्हणालो, "सवयीनं."

"सवयीनं न्हाई. तुला पार्ट भेटला न्हाई म्हून उठलास."

मला त्याच वेळी सांगता आलं असतं. दोन वाक्यं तर होती. पण तू असं तोंडावर बोललास, आणि त्यात थोडं खरं होतं म्हणून जास्त लागलं. हूक मी रागानंच आवळलं होतं की काय, ही शंका माझी मलाच होती. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नव्हतं. मी म्हणालो, "काय समजायचं ते समज." आणि घरी गेलो.

वैशाखापासून पोळ्यापर्यंत तू दुकानाची पायरी चढला नाहीस. माझ्या दुकानावरून शेळ्या न्यायचास आणि शेळ्यांशी मोठ्यानं बोलायचास. पोळ्याच्या आदल्या दिवशी आलास, काखेत बैलाची फाटलेली झूल. टेबलावर टाकलीस. "उद्याला पायजे." मी शिवून दिली. शिवेस्तोवर तू बाकावर बसलास. निघताना दारातून म्हणालास, "पुढच्या टायमाला मी मरंल ना, तवा नोट घिऊन आलास तरी उठनार न्हाई बघ. समजलं?" मी म्हणालो, "बघू की." तू हसलास. झालं, मिटलं आपलं. आपल्यात मिटवायची रीत तेवढीच. पण मिटलं म्हणजे सांगितलं असं नाही ना.

पिक्चर आला तसा गेला. अंबाजोगाईला आपण बघायला गेलो तेव्हा हॉल निम्मा रिकामा. चाचांनी तुला त्या दिवशी खुर्चीवर बसवलं. तुझा सीन आला आणि मी बघतच राहिलो. त्यांनी तुझं मरण कापलं होतं. प्याला दाखवला, पडलेला दाखवला, आणि लगेच मी उठतो. मधलं सगळं गायब. लोक खदाखदा हसले. तू मान खाली घालून बसलेलास, हातांची बोटं एकमेकांत अडकवलेली. हसू ओसरल्यावर तू अंधारात माझ्याकडं न बघता हळूच विचारलंस, "भाग्या, माशी दिसली का रं?"

मी म्हणालो, "न्हाई, दिसली न्हाई."

पिक्चरमध्ये खरंच नव्हती दिसली. पण तू पिक्चरचं विचारत होतास का, वैजनाथ? तुला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं की माशी बसली होती आणि तू हलला नव्हतास. तेवढं सांगणारा जगात एकच माणूस होता, आणि तो तुझ्या शेजारच्या खुर्चीवर शेंगा सोलत होता.

मी काय केलं? मी ती गोष्ट दुकानात गिऱ्हाइकांना सांगितली. माप घेता घेता सांगितली. मी कसा सवयीनं उठलो, राजा कसा उठला, साहेब कसे पडता पडता राहिले. लोक हसायचे आणि मला बरं वाटायचं. मोबाइल आल्यावर तर काय, त्या पडलेल्या पिक्चरचं नाव कुणाला माहीत नाही, हिरो कुठं आहे पत्ता नाही, पण तो तुकडा गेवराईच्या ढाब्यावर कुणी बघतंय, दिंद्रुडच्या लग्नात कुणी बघतंय. तुला लोक रस्त्यात थांबवून फोटो काढायचे. तू काढू द्यायचास. मी म्हणायचो, "बघ, पब्लिक उठलं म्हून सीन ऱ्हायला. मी जिकलो." तू म्हणायचास, "तू जिकलास बाबा," आणि शेळ्या हाकायचास. ते भांडण आपण तिथंच सोडलं. मी जिंकलो नव्हतो.

आणि तू काय माणूस होतास! माझी मालन गेली तेव्हा तेरा दिवस तू दुकानात येऊन बसलास. एक चकार शब्द नाही, एक सोंग नाही. शेळीचं दूध आणायचास, माझा चहा तूच करायचास, साखर लई घालायचास. चौदाव्या दिवशी मी मशीन उघडलं आणि माझ्यानं चालवेना. तू कटिंगच्या टेबलावर चढलास, कापडं बाजूला सारलीस आणि मेलास. डोळे उघडे टाकून. मी म्हटलं, उतर खाली, गिऱ्हाईक येईल. नाही उतरलास. शेवटी मी गल्ल्यातनं नोट काढून तुझ्या तोंडापुढं धरली आणि तू उठून मालनच्या नावानं बक्षीस पुकारलंस. मी हसलो आणि रडलो, काय आधी काय नंतर ते आठवत नाही. त्या दिवशी मशीन चाललं. ते उपकार मी कधी बोललो नाही. तेही आज बोलून घेतो.

काल दुकानात एकटा होतो, फोन सरळ केला आणि तो तुकडा शेवटपर्यंत बघितला. एरवी तू परत मेलास की लोक बंद करतात. त्याच्यापुढं अजून थोडं आहे. कॅमेरा पब्लिकवर येतो. सगळे हसतायत, आणि मी जागेवर येऊन बसतो, तोंडावर हात धरून डोळे पुसतो. ज्यांनी तिथवर बघितलं ते म्हणतात टेलर हसून हसून रडतोय. मी हसत नाही तिथं. नीट बघितलं तर कुणालाही कळेल. पण तू नेहमी स्टेजकडं बघायचास. एवढी वर्षं मी तुला ओरडून सांगत होतो, पब्लिककडं बघ, पब्लिककडं बघ. एकदा बघितलं असतंस तर तुला कळलं असतं, आणि मला सांगावं लागलं नसतं.

तुला अंगणात ठेवलं तेव्हा तुझे डोळे मिटलेले होते. तुझ्या पोरानं मिटले. मागं माणूस होतं तुझ्या. परळीहून लेक यायची म्हणून सगळे थांबले होते. मी घरून निघताना मशीनच्या खणात शोधून दहाची एक जुनी नोट घेतली होती. देणार आहे की नाही ते ठरवलं नव्हतं. खिशात हात घालून मी मागं उभा होतो. मग लेक आली, रडणं वाढलं, मग कमी झालं, कुणीतरी म्हणालं चला आता. आणि मी पुढं चाललो.

लोकांनी माझ्या हातात नोट बघितली. तुझ्या पुतण्यानं दंड धरला, "टेलर काका, आता नगा." मी हात सोडवून घेतला. तुझ्या पायाशी उभा राहिलो आणि मोठ्यानं बोललो.

"वैजनाथ, त्या दिशी मी सवयीनं उठलो नव्हतो. पार्टासाठी बी न्हाई. माशी दिसलती मला. तू हालला न्हाईस. मला वाटलं तू गेलास, म्हून मी भ्यालतो. हे त्या मरनाचं बक्षीस हाय."

नोट तुझ्या छातीवर ठेवली.

आणि मी थांबलो. खोटं नाही सांगत, मी थांबलो. मीच नाही, अख्खं अंगण थांबलं. सुमनवहिनीनं तोंडाला लावलेला पदर खाली केला. तू उठला नाहीस. पोळ्याच्या आदल्या दिवशी सांगितलं होतंस, तसंच केलंस. पण नोट आली होती, देणारा पुढं उभा होता, आणि नाव पुकारायला कुणी नव्हतं.

गयाबाई वहिनी तुझ्या उशाशी बसल्या होत्या. तुझं एकसुद्धा नाटक न बघितलेली बाई. त्यांनी हात लांब करून ती नोट उचलली, कपाळाला लावली, तू लावायचास तशीच. आवाज पार बसलेला होता, तरी शेवटच्या माणसाला ऐकू गेलं.

"भागवत टेलर यांच्याकडून," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, "माज्या मालकाच्या कलेला धा रुपये बक्षीस. कंपनी आभारी हाय."

नोट परत तुझ्या छातीवर ठेवून त्यांनी हात जोडले. मग आम्ही तुला उचललं.